शेंगांचा काढा आणि बहात्तर मिलिमीटर

जूनचा पहिला रविवार, सकाळी सव्वानऊ. रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये, म्हणजे अठरा हजार भाड्याप्रमाणे दहा महिन्यांचं आगाऊ. चेन्नईत घर भाड्यानं घ्यायची रीतच तशी. ठिकाण वेस्ट मांबलम, स्टेशनपासून चालत अकरा मिनिटं. हजर माणसं चार: घरमालक, त्यांची पत्नी, मी आणि माझी बायको.

चेक लिहून मी पुढे सरकवला. घरमालकांनी तो बघितलाही नाही. त्यांनी टेबलाखालून एक स्टीलचं ताट काढलं. त्यात पाव किलो फरसबी होती. ताट माझ्या बायकोपुढे ठेवून ते म्हणाले, "मोडा."

"किती?"

"अस्क्या."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिनं एकेक शेंग मोडायला घेतली, आणि मोडता मोडता तीन बाजूला काढून ठेवल्या. "या जून आहेत. दोरे निघतील."

मालकांनी त्या तीन शेंगा उचलल्या, एकेक कानाशी नेऊन वाकवली आणि म्हणाले, "दोन जून. तिसरी चालेल. पण घर तुमचं." मग चेकवरची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत वाचून तो खिशात घातला.

जिन्यात बायको मला म्हणाली, "तिसरी पण जूनच होती."

आम्ही त्या घरात पाच वर्षं आठ महिने राहिलो. पहिल्या आठवड्यापासून मी त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणू लागलो, कारण गल्लीत सगळे तेच म्हणत. दोघं तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचेच. त्यांच्या बोलण्यात 'मला'च्या जागी 'मज', 'सगळे'च्या जागी 'अस्के', आणि दर तिसरा शब्द तमिळ. मी बदली होऊन साताऱ्याहून आलेला. पहिले दोन महिने आम्ही एकमेकांचं मराठी ऐकून गालात हसत होतो. इथे मी त्यांचं बोलणं बरंचसं माझ्या वळणावर आणून लिहिलं आहे, नाहीतर वाचणाऱ्याला जड जाईल.

मामांनी गिंडीच्या एका लहान कारखान्यात चौतीस वर्षं काढली. पंपांचे भाग बनत, आणि मामा ते तपासत. रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, पण तपासणं सुटलं नव्हतं. जगातल्या वस्तूंना त्यांच्याकडे दोनच शेरे होते, पास आणि रिजेक्ट. दुधाची पिशवी, दारावर आलेला इस्त्रीवाला, लग्नपत्रिकेची छपाई, माझा निळा सदरा. सदरा दोनदा रिजेक्ट झाला. मी रेल्वेच्या स्टोअर्स खात्यात आहे हे कळल्यावर त्यांनी मला नावानं हाक मारलीच नाही. "काय स्टोअर्स," असंच म्हणत. "तुम्ही लोक मोजता. आम्ही मापतो."

"फरक काय, मामा?"

"शंभर बोल्ट आले का, हे तुम्ही बघता. बोल्ट बसतो का, हे आम्ही."

आमच्याकडे फरसबी किंवा श्रावणघेवडा म्हणतात त्या शेंगेला चेन्नईत सगळे बीन्स म्हणतात, आणि मामांचा जीव या एका भाजीत होता. बाजारात ते प्रत्येक शेंग वाकवून बघत. टक असा आवाज आला तर पास. आवाज न होता वाकली तर रिजेक्ट. स्टेशनच्या वाटेवर बसणारी भाजीवाली त्यांना लांबून येताना बघूनच टोपलीवर पदर पसरायची. "अय्या, बीन्स आहे हे, बोल्ट नाही!" एकदा मी बरोबर होतो तेव्हा ती मला म्हणाली, "यांना घरी ठेवा, सार. माझा माल मोडून मोडून अर्धा करतात." मामा शांतपणे म्हणाले, "अर्धा नाही. अकरापैकी चार."

गच्चीवर त्यांचा वेल होता. चेन्नईचं ऊन या भाजीला सोसत नाही, म्हणजे फूल येतं आणि गळून पडतं. मामा ते जाणून होते. तरी दरवर्षी नोव्हेंबरअखेर सोळा कुंड्यांत बी लावत, डोंगरातून आणवलेलं. वेलावर मामींच्या जुन्या सुती साड्यांचं छत, दुपारी त्यावर पाणी मारायचं. गळलेली फुलं रोज वेचून मोजत. "आज एकोणतीस," असं जिन्यात सांगून जात, जणू कुणाच्या तापाचा आकडा. थंडी बरी पडली तर जानेवारीत शेंगा धरायच्या. आम्ही राहिलो त्या काळातलं सगळ्यात चांगलं पीक एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. त्या दिवशी मामींनी उसिली केली, डाळ वाटून, वाफवून, मोकळी करून त्यात बारीक चिरलेली फरसबी. एक डबा वर आमच्याकडे आला. त्या चवीची फरसबी मी नंतर खाल्ली नाही. बायको रीत विचारून तशीच करते, डाळीचं प्रमाणही तेच. पण नाही.

वाळलेल्या दाण्यांच्या बाबतीत मात्र ते भलतेच कडक होते. आमच्याकडे राजमा शिजत असला की खाली त्यांच्या कानावर कुकरच्या शिट्ट्या जात. चौथ्या शिट्टीनंतर गॅस बंद झाला तर मामा जिना चढून वर येत, सत्तरीच्या पुढे असताना, आणि बेल वाजवत. "अजून दोन. हा दाणा कच्चा राहिला तर पोट बाहेर काढतो. आणि भिजवलेलं पाणी टाकलंत ना?" बायकोला आधी राग यायचा. पुढे पुढे तीच चार झाल्या की मला म्हणायची, "थांबा, मामांच्या दोन राहिल्यात."

या शेंगांचा दुसरा उपयोग मला वर्षभरानं कळला. दाणे काढून घेतलेल्या शेंगांच्या साली मामा सावलीत वाळवत आणि बरण्यांत भरून ठेवत. वीस ग्रॅम साली, अर्धा लिटर पाणी, आटवून पाव लिटर. हा काढा मामी रोज सकाळी सहाला घेत. मामांच्या आईच्या घरचं औषध. अंगात साठलेलं पाणी याने उतरतं, असं ते सांगत. गच्चीतल्या साली पुरत नसत, म्हणून डोंगराकडून पोतं यायचं. मामींना पूर्वी एकदा पायांवर सूज आली होती, ती काढ्यानं उतरली, तेव्हापासून काढा चालू. त्या वेळी मामांनी सूज मोजायला एक गेज केलं होतं.

गेज म्हणजे पितळी पट्टी वाकवून केलेली, घोड्याच्या नालाच्या आकाराची वस्तू. कारखान्यात दांड्याची जाडी तपासायला असं पोलादी गेज असतं. दांडा गेजच्या तोंडातून गेला तर पास. मामींच्या घोट्यावर गंजणारं पोलाद लावायचं कसं, म्हणून पितळ. सकाळी काढ्याच्या आधी मामी खुर्चीत बसत, मामा जमिनीवर बसून घोट्यावर गेज सरकवत आणि वहीत लिहीत. डावा पास, उजवा पास. मी ती वही बघितली आहे. आकडा, तारीख, सही. तोवर एकाही दिवसाचा खाडा नाही. आमच्या खात्यात अशी वही मी पंचवीस वर्षांत बघितली नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला त्या वहीचा हेवा वाटला.

माझ्या बायकोनं एकदा म्हटलं, "मामी, पाय जड दिसतात. डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

उत्तर मामांनी दिलं. "पास झालेला नग कुणी दुरुस्तीला पाठवतं का?"

चौथ्या वर्षी मामांचे थोरले भाऊ तंजावरला वारले. मामा पाच दिवसांसाठी गेले. जाताना गेज माझ्या बायकोच्या हातात दिलं आणि वही माझ्या. "या मापतील, तुम्ही लिहा. शेवटी स्टोअर्सला लिहिण्याशिवाय येतं काय?"

पहिल्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघं खाली गेलो. बायकोनं गेज लावलं. डावा पास, उजवा पास. मी लिहिलं. बायको मात्र उठली नाही. तिनं मामींच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याचा खळगा तसाच राहिला. मी घड्याळ बघितलं. खळगा भरायला पाऊण मिनिट लागलं.

"मामी, हे किती दिवस आहे?"

"वय झालं, अम्मा," मामी म्हणाल्या आणि साडी खाली ओढली.

वर आल्यावर मी वहीचं पहिलं पान उघडलं. मामांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं: गेज, पितळ, तोंड ७२ मिलिमीटर. त्यांचं व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मापायचं साधन, खाली कपाटात मखमलीच्या डबीत असायचं. दुसऱ्या दिवशी मामींची परवानगी घेऊन मी ते काढलं आणि गेजचं तोंड मापलं. मला ते साधन नीट वापरता येत नाही, म्हणून पाच वेळा मापलं. पाचही वेळा एक्क्याऐंशी.

मी गेज टेबलावर ठेवलं. मामी दारात उभ्या होत्या.

"मीच वाकवलं," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"कशानं?"

"दाराच्या बिजागरीत अडकवून. हळूच ओढायचं. अडेनासं झालं की पुरे."

मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी एका सकाळी गेज घोट्यावर अडलं. मामांनी रिजेक्ट लिहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. काढा दुप्पट केला, आणि संध्याकाळी बसनं डोंगराकडे निघाले, चांगल्या साली आणायला, त्र्याहत्तराव्या वर्षी. दोन दिवसांनी आले ते तापानं फणफणलेले. "पुन्हा तसं होऊ दिलं नाही मी. अडायला लागलं की आदल्या दुपारी, ते झोपले की, थोडं उघडायचं."

"पण मामी, पहिली सूज काढ्यानंच उतरली होती ना?"

मामी हसल्या. "तेव्हा मी लोणचं, अप्पळम, अस्कं खारट सोडलं होतं. त्यांना ठाऊक नाही. काढ्याचं नाव झालं, होऊ दे म्हटलं."

"मग आता डॉक्टरकडे चला. आम्ही नेतो. मामा यायच्या आत."

त्यांचा चेहरा बदलला. "नाही. माझी अक्का तीन वर्षं रक्त धुवायच्या मशीनवर होती. आठवड्यातून तीनदा. हात बघायला हवे होतेस तिचे. मज तिकडे जायचं नाही. आणि तू यांना सांगायचं नाहीस. बायकोनं चौतीस वर्षांच्या इन्स्पेक्टरला फसवलं, हे त्यांना कळलं तर ते उभे राहणार नाहीत. शब्द दे."

मी शब्द दिला. वाकवलं कुणी, हे मी सांगणार नाही, इतकाच. शब्द देताना मी तो मोजून दिला, हे मला मान्य आहे.

वर बायको माझ्यावर चिडली. "शब्द कसला देता? त्या बाईच्या पायात पाणी भरलंय. तुम्ही नाही बोललात तर मी बोलते."

"मामा येऊ देत," मी म्हणालो. "मामांशिवाय त्या पाऊल उचलायच्या नाहीत. आणि वहीत पास आहे तोवर मामाही उचलायचे नाहीत."

उरलेले तीन दिवस मी रोज सकाळी वहीत 'पास' लिहिलं नाही. नुसती रेघ मारली. असं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

मामा परत आले त्या दिवशी संध्याकाळी पाचला मी खाली गेलो. ते वहीच बघत होते.

"रेघा कसल्या, स्टोअर्स?"

"मामा, एक विचारू? गेज शेवटचं कधी तपासलं?"

मामांनी वही मिटली. कारखान्यात दर सहा महिन्यांनी गेज मापून त्याचा कागद करायचा असतो, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. तपासणाऱ्याचं साधन आधी तपासा, मग माल. चार वर्षांत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं. स्वतःच्या हातानं केलेलं, घरातलं, देवघराशेजारच्या खुंटीवर टांगलेलं. त्याला कोण हात लावणार?

"पितळ झिजतं," ते शेवटी म्हणाले. "झिजलं तरी पाव मिलिमीटर." आणि डबी उघडली. तीन वेळा मापलं. चष्मा पुसून चौथ्यांदा. मग व्हर्निअर डबीत ठेवून डबी बंद केली.

"नऊ मिलिमीटर झिजत नाही," ते म्हणाले.

माझी बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबली होती. मामी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आल्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांच्या पायांकडे बघितलं.

"किती वेळा?"

"नऊ," मामी म्हणाल्या.

"एकेक मिलिमीटर?"

"मज काय ठाऊक मिलिमीटर! अंदाजानं."

"अंदाज बरोबर आहे," मामा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. "इतकं एकसारखं काम आमच्या फिटरला जमलं नसतं."

मग ते जमिनीवर बसले, मामींच्या घोट्यावर दोन्ही हातांची बोटं गुंडाळली, कुठलंही साधन न घेता. बराच वेळ तसेच बसले. मामी म्हणाल्या, "पोदुम, पुरे. उठा. गुडघे दुखतील."

"अक्काचं मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी बरोबर बसेन. मशीन असलं तरी. नसलं तरी. तू फक्त चल."

मामींनी नकार दिला नाही. मी आधी बोललो होतो तेव्हा दिला होता.

त्याच संध्याकाळी माझ्या बायकोनं रिक्षा आणली. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. रक्त, लघवी, दोन दिवसांनी अहवाल. मूत्रपिंडांचं काम बरंच मंदावलं होतं. मशीनची वेळ आली नव्हती. आणखी वर्ष काढलं असतं तर आली असती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या, मीठ कमी, दर महिन्याला तपासणी. काढा बंद. "शेंगांतलं जे पाण्यात उतरतं, ते बाहेर टाकणं आता यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही," बाई म्हणाल्या.

मामांनी विचारलं, "आणि भाजी?"

"बेतानं खा. भरपूर पाण्यात उकडा, पाणी ओतून द्या."

"किती पाणी? शेंगांच्या किती पट?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हसल्या. अशी विचारणा त्यांना कुणी केली नसावी. पुढच्या महिन्यापासून मामा त्यांच्याकडे नवी वही घेऊन जाऊ लागले. तिच्यात पास-रिजेक्ट नव्हतं, वजन आणि रक्तदाबाचे आकडे होते, आणि वजनकाटा दर सहा महिन्यांनी तपासून आणल्याची नोंद.

मामींवर मशीनची वेळ आली नाही. अजून नाही. आता त्या बंगळूरला लेकीकडे असतात, दर रविवारी माझ्या बायकोला फोन करतात आणि तिथल्या बीन्सचा भाव सांगतात. मामा मात्र दोन वर्षांपूर्वी गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आम्ही त्याच गल्लीत दोन घरं पलीकडे राहतो. जुन्या घराच्या गच्चीवर नव्या मालकांनी पाण्याच्या टाक्या बसवल्या आहेत. डिसेंबरात जरा गार वारा सुटला की मी वर बघतो, साड्यांचं छत दिसत नाही. पोळी लाटताना बायको अजूनही शिट्ट्या मोजते.

पण माझ्या डोळ्यांपुढे मामा येतात ते अहवालाच्या दिवसाचे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी आम्हा दोघांना खाली बोलावलं, बसवलं आणि मामींना समोर. म्हणाले, कारखान्यात तपासनीसानं वाईट नग पास केला आणि पुढच्या मशीनवरच्या माणसाला त्याचा त्रास झाला, तर तपासनीसाचा एका दिवसाचा पगार कापून त्या माणसाला देत. चौतीस वर्षांत त्यांचा एकदाही कापला गेला नव्हता. मग त्यांनी रिटायर होतानाची शेवटची पगारपावती काढली, महिन्याच्या पगाराला तीसनं भागलं आणि चारशे बारा रुपये मामींच्या पुढ्यात ठेवले.

"गेज मी वाकवलं," मामी म्हणाल्या, "आणि दंड तुम्ही भरता?"

"सही माझी आहे," मामा म्हणाले.

मामींनी रुपये उचलले, दोनदा मोजले. मामांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: रुपये चारशे बारा, पत्नीस रोख दिले. खाली मामींनी तमिळमध्ये सही केली, आणि साक्षीदार म्हणून मी.